‘ताई, एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?’ घरच्याच वाटीचं गणित असं मांडा

यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवरच्या कुठल्याही मराठी रेसिपीच्या खाली जा. नानकटाई असो, चकली असो की कैरीचं लोणचं, एक कमेंट हमखास सापडते, "ताई, वाटीचं प्रमाण ग्रॅममध्ये सांगा ना प्लीज." आणि त्याखाली कुणीतरी उत्साहाने उत्तर दिलेलं असतं, "एक वाटी म्हणजे १५० ग्रॅम."

हे वाचून कुणी दीडशे ग्रॅम साखर घेतं, कुणी दीडशे ग्रॅम पोहे, कुणी दीडशे ग्रॅम बेसन. साखरेचं एक वेळ निभावून जातं. पण दीडशे ग्रॅम पोहे म्हणजे नेहमीच्या आमटीच्या वाटीने दोन वाट्यांहूनही जास्त होतात आणि दीडशे ग्रॅम बेसनसुद्धा जवळजवळ दोन वाट्या. मग लाडू कोरडे झाले, चकली हसली, की दोष जातो रेसिपी देणाऱ्या ताईंना.

खरं सांगायचं तर "एक वाटी म्हणजे किती ग्रॅम" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाहीच. "एक वाटी काय?" हे आधी विचारावं लागतं आणि "कुठली वाटी?" हे त्यानंतर. ही दोन्ही उत्तरं मिळाली की पुढचं गणित चौथीतल्या मुलालाही जमेल असं आहे.

वाटी जागा मोजते, काटा वजन मोजतो

वाटी, कप, चमचा, लिटर ही सगळी आकारमानाची मापं. एखादी वस्तू किती जागा व्यापते, एवढंच ती सांगतात. ग्रॅम आणि किलो हे वजन. या दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे घनता, म्हणजेच ठरावीक जागेत किती माल मावतो ते.

पाण्याचं गणित सगळ्यांत सोपं. १०० मिली पाणी म्हणजे १०० ग्रॅम. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते हलकं. १०० मिली तेल भरतं ९१-९२ ग्रॅम. मध जड, तेवढ्याच जागेत १४० ग्रॅमच्या आसपास.

कोरड्या जिन्नसांत आणखी एक भानगड असते, ती हवेची. पोह्यांच्या वाटीत निम्म्याहून जास्त जागा हवेनेच घेतलेली असते. रव्याचे कण एकमेकांना चिकटून बसतात म्हणून तिथे हवा कमी. पिठाचं तर विचारूच नका. नुकतं चाळलेलं पीठ फुललेलं असतं, डब्यात महिनाभर दाबून ठेवलेलं पीठ बसलेलं असतं. वाटी तीच, पीठ तेच, पण चमच्याने हळूच भरलं तर १५० मिलीच्या वाटीत ७५ ग्रॅम बसेल आणि वाटीच डब्यात खुपसून भरली तर ९० ग्रॅम किंवा त्याहून जास्त. केकच्या रेसिपीत मैद्यात एवढा फरक पडला तर केक बिस्किटासारखा होतो.

त्यात शीग आहेच. कुणाची "एक वाटी" म्हणजे काठाबरोबर सपाट, कुणाची वर डोंगर करून. जुन्या बाजारात धान्य मापताना शीग धरायची की माप सपाट करायचं, यावरून भांडणं व्हायची. आपल्या स्वयंपाकघरात भांडण होत नाही, फक्त पदार्थ बिघडतो.

हा घोळ आजचा नाही

पूर्वी आपल्याकडे शेर हे एकच नाव मापालाही होतं आणि वजनालाही. धान्य मापलं जायचं चिपट्या-मापट्याने: दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वजनाचा शेर वेगळा, ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशोबाने साधारण ९३३ ग्रॅम. एक पायली ज्वारी आणि एक पायली भात वजनाला सारखे भरत नाहीत, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

१९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आणली आणि पुढच्या काही वर्षांत दुकानांत किलो आणि लिटर रुळले. स्वयंपाकघरात मात्र वाटी राहिली. घरोघरी तराजू नव्हता, वाटी होती. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या प्रमाणात पाककृती दिल्या आणि नवख्या मुलींना तो मोठाच आधार वाटला. अमेरिकेत हेच काम फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पाकपुस्तकाने केलं होतं. कप आणि चमचा सपाट करून मोजा, हा त्यांचा आग्रह. म्हणून अमेरिकन रेसिप्या आजही कपात आणि युरोपातल्या बहुतेक ग्रॅममध्ये असतात.

मग वाटी चुकीची का?

अजिबात नाही. हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. एका वाटीला दोन वाट्या पाणी घालून भात लावताना तुमची वाटी १०० मिलीची आहे की २०० मिलीची, याने काहीही फरक पडत नाही. एक वाटी रवा, एक वाटी साखर, पाऊण वाटी तूप, हा शिरा कुठल्याही वाटीने केला तरी तोच होतो. सगळे जिन्नस एकाच भांड्याने मोजले की प्रमाण आपोआप जुळतं. अशा रेसिपीचं ग्रॅममध्ये रूपांतर करायला जाणं म्हणजे उगाच चुकीची संधी निर्माण करणं.

अडचण येते ती मापं मिसळली की. काही जिन्नस वाटीने, काही नगावर, काही चमच्याने, काही किलोने.

माझा पहिला केक असाच गेला. रेसिपी अमेरिकन होती: दोन कप मैदा, एक कप साखर, दोन अंडी, एक चमचा सोडा. कप म्हणजे वाटी असं समजून आमटीच्या वाटीने मोजून मोकळा झालो. अमेरिकन कप २३७ मिलीचा आणि आमची वाटी १५० ची. म्हणजे मैदा-साखर पडली लिहिल्याच्या ६३ टक्के, पण अंडी दोनच्या दोन आणि सोडा पूर्ण चमचाभर. मैद्याच्या हिशोबाने सोडा दीडपटीहून जास्त झाला. केक वरून काळपट, चवीला साबणासारखा आणि मधे ऑम्लेट. घरच्यांनी कौतुकाने एकेक घास खाल्ला, दुसरा कुणी मागितला नाही.

कप तरी एकच आहे का?

तोही नाही. अमेरिकन कप सुमारे २३७ मिली, तिथल्या अन्नपदार्थांच्या लेबलवर तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा कप २५० मिलीचा. जपानी कप २०० मिलीचा आणि राइस कुकरसोबत येतो तो छोटा प्लास्टिकचा कप १८० मिलीचा. तुमच्या घरी तो कप "मेजरिंग कप" म्हणून केकसाठी वापरला जात असेल, तर आजच त्याला कुकरपाशी परत पाठवा.

चमच्यांतही गंमत आहे. छोटा चमचा म्हणजे टीस्पून जवळपास सगळीकडे ५ मिली. मोठा टेबलस्पून बहुतेक देशांत १५ मिली, पण ऑस्ट्रेलियात २० मिली. मुलगी मेलबर्नला असेल आणि आई पुण्याहून फोनवर "तीन मोठे चमचे तूप" सांगत असेल, तर तिकडे चार चमचे पडताहेत. आणि आपल्या घरातला पोह्यांचा चमचा, चहाचा चमचा? प्रत्येक सेटचा वेगळा.

आपल्या वाटीचं माप काढा, दहा मिनिटांचं काम

घरी डिजिटल काटा असेल तर रिकामी वाटी त्यावर ठेवा, ‘टेअर’चं बटण दाबून आकडा शून्यावर आणा आणि काठापर्यंत पाणी भरा. जो आकडा दिसेल तेवढे ग्रॅम पाणी, म्हणजेच तेवढ्या मिलीची तुमची वाटी.

काटा नसेल तर एक लिटरची पाण्याची बाटली घ्या. रिकामी नको, सीलबंद. ती वाट्या-वाट्यांनी पातेल्यात ओता आणि मोजा. साडेसहापेक्षा थोड्या जास्त वाट्या झाल्या तर वाटी १५० मिलीची, पाच झाल्या तर २०० ची, आठ झाल्या तर १२५ ची.

आता कोरड्या जिन्नसांसाठी मला सर्वांत आवडणारी युक्ती. तिला काटाही लागत नाही आणि कुठलाही तक्ताही लागत नाही. रव्याचं अर्धा किलोचं नवं पाकीट डब्यात ओतण्याआधी तुमच्या नेहमीच्या वाटीने, नेहमीच्या सवयीने मोजा. पावणेपाच वाट्या भरल्या? ५०० भागिले ४.७५, म्हणजे एका वाटीत १०५ ग्रॅम. साखर, बेसन, साबुदाणा, शेंगदाणे, प्रत्येकाचं पाकीट कधी ना कधी फुटतंच, तेव्हा एकदा मोजा आणि डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. इंटरनेटवरच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा हा आकडा खरा, कारण वाटी तुमची, माल तुमचा आणि भरायची पद्धतही तुमचीच.

तोवर खालचे आकडे कामाला येतील. हे सगळे १०० मिली जागेत सपाट भरल्यावर किती ग्रॅम बसतात, त्याचे अंदाज आहेत:

पाणी १००, दूध आणि दही १०३
तेल ९२, पातळ केलेलं तूप ९१, बटर ९६
मध १४०
साखर ८५, पिठीसाखर ५०
बारीक मीठ १२०
तांदूळ ८०, तूरडाळ-मूगडाळ ८० ते ८५
रवा ७०
तांदळाचं पीठ ६५
साबुदाणा ६५, कच्चे शेंगदाणे ६०
गव्हाचं पीठ आणि मैदा ५० ते ६०
बेसन ४० ते ५०
ओलं खोबरं, न दाबता, ३५

तुमची वाटी १५० मिलीची असेल तर आकड्याला दीडने गुणा, २०० ची असेल तर दोनने, अमेरिकन कप असेल तर २.४ ने. म्हणजे दीडशेच्या वाटीत साखर सुमारे १२७ ग्रॅम, तांदूळ १२०, रवा १०५, पीठ ८० च्या आसपास. "एक वाटी १५० ग्रॅम" हे फक्त पाणी, दूध, दही यांच्याच बाबतीत खरं ठरतं.

पोहे आणि गूळ या यादीत मुद्दाम नाहीत. पातळ पोहे आणि जाड पोहे यांच्यात खूप अंतर असतं. गूळ किसलेला, चिरलेला की दाबून भरलेला, यावर त्याच वाटीचं वजन दीडपट होऊ शकतं. या दोघांना वजनच करा.

चकलीची भाजणी: इथे कधी चालतं, कधी फसतं

दिवाळीला हे गणित घरोघरी लागतं. रेसिपी असते वाट्यांत, वाणी देतो किलोत आणि गिरणीतही मोजणार किलोत. समजा प्रमाण आहे चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या चणाडाळ, एक वाटी उडीदडाळ. दीडशेच्या वाटीने हे होतात सुमारे ४८० ग्रॅम तांदूळ, २५० ग्रॅम चणाडाळ, १२५ ग्रॅम उडीदडाळ. म्हणजे अर्धा किलो, पाव किलो, आणि पाव किलोच्या निम्मं. चाराला दोन, दोनाला एक, प्रमाण तसंच राहिलं!

हा योगायोग नाही. तांदूळ आणि डाळी यांची घनता जवळपास सारखीच असते, त्यामुळे धान्यांपुरतं वाटीचं प्रमाण सरळ किलोत घेतलं तरी चालतं. आपल्या आज्या हे न शिकता करत होत्या.

पण त्याच भाजणीत कुणी "एक वाटी पोहे" लिहिले असतील आणि तुम्ही त्याच हिशोबाने १२५ ग्रॅम पोहे घेतले, तर दुपटीने पोहे जातील. ओवा, तीळ, धणे यांचंही तसंच. हलक्या वस्तू धान्याच्या हिशोबात ओढायच्या नाहीत.

पन्नास माणसांच्या शिऱ्याला वीस वाट्या रवा लागणार असेल, तरी वाण्याकडे जाताना हेच करायचं: २० गुणिले १०५, म्हणजे दोन किलो शंभर ग्रॅम. दीडशेने गुणलं असतं तर तीन किलो आणला असता.

तेलाच्या पिशवीवर दोन आकडे का?

किराणा सामानात एक लिटर तेलाची पिशवी उलटी करून बघा, तिथे ९१० ग्रॅम असं लिहिलेलं सापडेल. हे कमी दिलेलं नाही, एक लिटर तेलाचं वजनच तेवढं असतं. पण इथे एक खोच आहे. तेल तापलं की फुगतं, म्हणजे गरम तेलाचा एक लिटर वजनाला कमी भरतो. काही कंपन्या पिशवीवर ६० अंश तापमान छापून त्या हिशोबाने कमी ग्रॅम तेल भरत होत्या. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख न करता आकारमानासोबत योग्य वजनही लिहा, असं कंपन्यांना सांगितलं. दोन ब्रँडच्या तेलाची किंमत ताडून बघताना लिटर सोडा, ग्रॅम वाचा.

चमच्याने मोजताना खरी जोखीम

वाटीत दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे झालं तर पदार्थ बिघडतो, एवढंच. चमच्यात चूक झाली तर तब्येतीवर येऊ शकतं.

५ मिलीचा सपाट चमचा भरून बारीक मीठ म्हणजे सुमारे ६ ग्रॅम, साखर सुमारे ४ ग्रॅम, खायचा सोडा साडेचार ग्रॅमच्या आसपास. शीग लावली की हेच दीडपट-दुप्पट होतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे एक सपाट चमचासुद्धा पूर्ण नाही. रक्तदाब असलेल्या माणसासाठी स्वयंपाक करताना "चवीपुरतं" हे माप किती फसवं आहे, ते एकदा दिवसाचं मीठ बशीत काढून बघितलं की कळतं.

जुलाब झालेल्या मुलाला घरी साखर-मिठाचं पाणी देतात, तिथे तर अजिबात अंदाज नको. त्याचं प्रमाण आहे एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरचं झाडून. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते धोक्याचं ठरू शकतं. मेडिकलमध्ये मिळणारं ओआरएसचं पाकीट हाताशी असेल तर तेच वापरावं, त्यात वजन आधीच मोजलेलं असतं. फक्त पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घाला. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात विरघळवायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सोडा, मीठ, यीस्टही काट्यावरच मोजू. तर ते नको. घरचे बहुतेक काटे एक-एक ग्रॅमने पुढे सरकतात आणि दोन-तीन ग्रॅमला नीट प्रतिसादही देत नाहीत. पाच ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना ५ मिलीचा सपाट चमचाच भरवशाचा. पीठ, साखर, तूप काट्यावर आणि सोडा चमच्याने, हे मिश्रण बरोबर आहे.

आणि शेवटी लोणचं

मापं मिसळण्याचा सगळ्यांत महाग धडा लोणचं देतं. "एक किलो कैरीच्या फोडी, एक वाटी मीठ." फोडी किलोने, मीठ वाटीने! दीडशेच्या वाटीने बारीक मीठ १८० ग्रॅम पडेल. लोणच्याला किलोमागे साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ घालतात, तेव्हा हे ठीक. पण तुमची वाटी शंभर मिलीची निघाली तर मीठ पडेल १२० ग्रॅम. त्यात जाडं मीठ असेल तर खड्यांमधल्या फटींमुळे वाटी आणखी हलकी भरेल. चाखताना ते खारटच लागेल, म्हणून शंका येणार नाही. बुरशी येईल ती श्रावणात, बरणी उघडल्यावर.

म्हणून लोणच्याचं मीठ वजनानेच घ्या. काटा नसेल तर एक किलोची मिठाची पिशवी आणा आणि त्यातल्या मिठाचे डोळ्यांनी पाच सारखे ढीग करा. एक ढीग दोनशे ग्रॅमचा. किलोभर फोडींना तेवढं पुरतं.